हवा कुठे अडली

कागद तिसऱ्यांदा खाली पडला.

गॅरेजवाल्या होउ उस्तादांनी तो उचलला, झटकला आणि टॅक्सीच्या नाकाखालच्या जाळीवर पुन्हा धरला. आतला पंखा जीव तोडून फिरत होता. त्याच्या ओढीनं कागद जाळीला घट्ट चिकटायला हवा होता. पण हात काढला की तो मुकाट जमिनीवर येत होता.

"उस्ताद, कागदाचे खेळ नंतर करा हो," शूचिन म्हणाली. "बॅटरी गेली का, तेवढं सांगा. एकदाचं काय ते ऐकून घेते."

"वहिनी, गाडी दुरुस्त करायला आलात की तिला खांदा द्यायला?"

शूचिनला हसू आलं नाही. ईशान्य चीनमधल्या मुडानजियांगची थंडी सरल्यापासून तिची विजेवरची टॅक्सी तापत होती. चार्जिंगला लावली की दहा मिनिटांत पडद्यावर लाल दिवा, आणि मग वीज थेंबाथेंबानं आत जायची. एसीतून कोमट वारं यायचं आणि गिऱ्हाइकं वैतागून उतरायची. गाडी दोन ठिकाणी दाखवून झाली होती. दोघांनीही संगणक जोडला, आकडे बघितले आणि गाडीखाली न वाकताच सांगून टाकलं, बॅटरी बदला. नवी बॅटरी घेण्याची तिची ऐपत नव्हती. म्हणजे टॅक्सी बंद, आणि पुन्हा त्या लोणच्याच्या कारखान्यात बर्फगार पाण्यात कोबी धुवायची. नुसत्या विचारानं तिच्या बोटांना कळ येत होती.

कारखान्यापेक्षाही धास्ती होती ती सासऱ्यांची. म्हातारे कंग तीस वर्षं मालट्रक चालवून घरी बसले होते. शूचिननं हट्ट धरला म्हणून दोन वर्षांपूर्वी तो ट्रक विकला आणि ही टॅक्सी घेतली. "खेळण्यासाठी माझा ट्रक विकला," एवढं म्हणून त्यांनी सुनेशी अबोला धरला. तिनंही धरला, ती काही कमी नव्हती. नवरा घरी होता तोवर जेवताना इकडचं तिकडे सांगायचा. नववर्ष साजरं करून तो दूर दालियनला जहाजांच्या कारखान्यात गेला, आणि घरात नुसती भांडी बोलू लागली. हल्ली तर सासरे रोज सकाळी हात पाठीमागे बांधून टॅक्सीच्या पुढ्यात उभे असायचे. ती आली की खाकरायचे आणि आत निघून जायचे. गाडी कधी बंद पडते याची वाटच बघतोय मेला म्हातारा, असं ती मनात म्हणायची.

"हिवाळ्यात त्रास होता?" उस्तादांनी विचारलं.

"छे! इतरांच्या गाड्या गारठून रडत होत्या. माझी ठणठणीत."

"मग बॅटरी कशी गेली असेल? पाणी भरलंय, पंप चालतोय, पंखा बोंबलतोय. फक्त बाहेरची हवा आत येत नाही. काहीतरी आडवं आलंय."

उस्तादांनी जाळी काढली. आत रेडिएटरच्या पुढे काळं, जाड कापड होतं. ओढलं तरी येईना. चारही कोपऱ्यांना दोऱ्या होत्या, आणि गाठी अशा की सोडवताना त्यांची नखं दुखली. शेवटी बाहेर आली ती चक्क एक गोधडी! मापात कापलेली, आत कापूस, कडांना हाताची शिवण.

उस्ताद पोट धरून हसले. "हे जुन्या ट्रकवाल्याचं काम! उणे तिसात आम्ही इंजिनाला असंच पांघरूण घालायचो. पण उन्हाळ्यात? हिचा जीव गुदमरला की हो!"

शूचिननं गोधडी उलटली. आतलं कापड हिरवं होतं, एका जागी तेलाचा डाग होता. हा सासऱ्यांचा जाड कोट. ट्रकवर वीस हिवाळे त्यांनी हाच घातला होता. नोव्हेंबरात तो बसमध्ये राहिला असं त्यांनी मुलाला सांगितलं होतं, आणि सगळी थंडी दोन स्वेटरांवर काढली होती.

उस्तादांनी जाळी परत बसवून कागद धरला. फट्‌दिशी चिकटला. गाडी चार्जिंगला लावली. दहा मिनिटं गेली, वीस गेली, अर्धा तास झाला. लाल दिवा लागला नाही. एसीसमोर हात धरला तर बोटं गार पडली. शूचिन तिथेच उकिडवी बसली आणि आधी रडली, मग हसत सुटली. वर्षभरात तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

मग तिनं घरी फोन लावला. पलीकडून खाकरणं ऐकू आलं.

"बाबा, टॅक्सीत गोधडी तुम्ही बांधलीत?"

"बांधली. खेळण्यालासुद्धा थंडी वाजते."

"अहो, मग सांगायचं तरी! गाडी उकडून निघाली माझी. बॅटरी गेली म्हणून मी महिनाभर झोपले नाही!"

पलीकडून पुन्हा खाकरणं आलं. मग म्हातारे कंग अगदी हळू म्हणाले,

"एप्रिल लागला की ती काढायची असते. महिना झाला, आज सांगीन, उद्या सांगीन म्हणतोय. पण आधी बोलायचं कुणी?"