दसऱ्याची भेट

सोनं द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला चांगुणा दारातच अडवत होती. "सोनं हातात द्या, राम राम करा, पण गळ्यात नका घेऊ. त्याईचे हाडं कच्चे झाले हायेत." लोक आपट्याची पानं निवृत्तीच्या हातावर ठेवत आणि बाहेर पडल्यावर म्हणत, मुंबई पाहून आली तशी बाई शेफारली.

म्हणेनात का! मुंबईला यंत्रावर नवऱ्याचं रक्त धुतात, ते हिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. गुर्दे गेले की ड जीवनसत्त्व अंगी लागत नाही, हाडं खडूसारखी ठिसूळ होतात, हे डॉक्टरांनी तिला बसवून समजावलं होतं. नव्या गोळ्या सुरू होत्या, पण त्यांचा गुण यायला वेळ लागणार होता. मागल्या महिन्यात नुसत्या खोकल्यानं एक बरगडी मोडली. तरी दसरा घरीच करायचा म्हणून निवृत्ती हटून बसला. उद्या मलकापूरहून परतीची गाडी होती.

दिवेलागणीला दारात उकंडराव उभे राहिले. तिचे थोरले भासरे, निवृत्तीचे सख्खे भाऊ. शेताच्या बांधाचं, धुऱ्याचं भांडण झालं तेव्हापासून त्यांनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, आणि आज धाकट्याकडे आपण होऊन आले होते. चांगुणाच्या तोंडचं पाणी पळालं. भासऱ्यांसमोर तिनं कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, बोलणं तर दूरच. तरी ती आडवी आली.

"गळ्यात नका घेऊ," ती जमिनीकडे पाहत म्हणाली.

उकंडरावांचा चेहरा उतरला. "साऱ्या गावाले आत घेतलं, अन् मलेच आडवून राह्यली काय? बरं हाय. चाललो मी."

"थांब, दादा!"

निवृत्ती खाटेवरून उठला होता. वाकून पाया पडणं काही जमणार नव्हतं. त्यानं हात पसरले.

थोरल्यानं त्याला छातीशी आवळलं. नांगर धरणारे हात ते, त्यात इतक्या वर्षांची माया. काटकी मोडावी तसा आवाज चांगुणानं स्वच्छ ऐकला. उकंडराव लेकरासारखे हुंदके देत होते, त्यांना कुठलं ऐकू येतंय!

निवृत्तीचं तोंड पांढरंफटक पडलं. ती पुढे धावली, तर भावाच्या खांद्यावरून त्यानं नुसती मान हलवली. काही बोलू नको. तिचा जीव तुटत होता, पण ती जागच्या जागी थांबली.

उकंडरावांनी डोळे पुसले. "अबे, एकाच खांद्यानं भेट होते काय? दुसऱ्या अंगानं ये."

"हाव," निवृत्ती म्हणाला, आणि त्यानं दुसरा खांदा पुढे केला.