एकटाच पुरे

"पुन्हा मेलो! ए औषधवाल्या, झोपलायस का? हाताला लकवा झालाय?"

बोयंगच्या कानांत आवाज कडाडला. पडद्यावर 'एकटाच पुरे' नावाचा योद्धा दगडी दैत्याच्या हातोड्याखाली चपटा होऊन पडला होता. तिघांच्या या चमूत जखमा भरून काढायचं काम बोयंगचं. पण जो सोबत्यांना मागे टाकून एकटाच दैत्याच्या पायांत घुसतो, त्याच्यापर्यंत औषध पोचवायचं तरी कसं?

'जरा थांबत जा,' असं तिने टाइप केलं होतं. ऐन लढाईत ते वाचतो कोण! बोलून सांगायची सोय होती, माइक तोंडासमोरच होता. पण तो ती कधी सुरूच करत नसे. बाईचा आवाज कानावर पडला की खेळणारे कसे तुटून पडतात, ते तिने एकदा सोसलं होतं. त्यानंतर दोन वर्षं ती मुकाट्याने खेळत होती आणि मुकाट्याने हरत होती. खरं तर मागे उभं राहून सगळं दिसायचं ते तिलाच. आज पहिल्यांदाच ती दगडी दैत्य राखतो त्या शेवटच्या दरवाजापर्यंत पोचली होती. संध्याकाळी खेळाचा हा हंगाम संपणार आणि मग पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात.

"याला हाकला!" आवाज म्हणाला. "असला औषधवाला असण्यापेक्षा नसलेला बरा."

पडद्यावर चौकट उघडली : 'बार्लीचा चहा' या खेळाडूला बाहेर काढायचं का? बार्लीचा चहा म्हणजे बोयंगच. उरलेल्या दोघांनीही हो म्हटलं की तिचा खेळ आटोपला. एक 'हो' लगेच पडला. तो कोणाचा, ते सांगायला नको.

तिचे कान तापले होते. तिने हेडफोनची एक बाजू सरकवली.

"काढा रे या गाढवाला!"

हे तिला दोनदा ऐकू आलं. एकदा हेडफोनमधून, आणि त्याच्या क्षणभर आधी समोरच्या फळीपलीकडून. हा खेळ जवळपासच्या लोकांची आधी गाठ घालून देतो, हे ती विसरूनच गेली होती. चंजू शहरातल्या या तळघरात, तासावर कॉम्प्युटर भाड्याने देणाऱ्या पीसी बांगमध्ये, हाताच्या अंतरावर बसून हा तिचा उद्धार करत होता!

बोयंग तिरमिरीत उठली आणि फळीवरून डोकावली.

पलीकडे सोललेल्या अंड्यासारखं एक डोकं होतं. ताजं भादरलेलं. विशीचा पोरगा, समोर वाडग्यात न खाल्लेल्या राम्यनच्या शेवया फुगून बसलेल्या. एक हात माऊसवर, दुसरा राहून राहून टाळूवरून फिरत होता. केस कुठे गेले ते त्या हाताला अजून पटलं नसावं.

असं डोकं दिसलं की इथे कोरियात कुणाला काही विचारावं लागत नाही. बोयंगचा धाकटा भाऊही असाच भादरून आला होता आणि त्या दिवशी घरात प्रत्येकावर खेकसला होता.

तिचा राग काही गेला नाही. भीती मात्र गेली. खाली बसून तिने माइक सुरू केला.

"उद्या सैन्यात जायचंय ना?"

फळीपलीकडची खुर्ची गर्रकन फिरली.

"क... कोण बोलतंय?"

"गाढव. वर बघ."

ती परत उभी राहिली होती. पोराने मान वर केली आणि त्याच्या टकलापर्यंत लाली चढली.

"ताई... तुम्ही?"

"हो, मीच तुझा औषधवाला. दोन्ही हात धड आहेत, बघून घे. आता बोल काय बोलायचं ते, तोंडावर बोल."

मग तो उठला आणि कमरेत वाकला.

"चुकलं, ताई. उद्या दुपारी आत जायचंय. सक्तीची दीड वर्षं. वाटलं, हे एक तरी पुरं करून जावं." शेवटी त्याचा आवाज चिरकला.

"मग सारखा एकटा जाऊन मरतोस कशाला?"

"अहो, तुमचं जुळलं असेल तर मलाही सांगा," चमूतला तिसरा, 'झणझणीत खेकडा', हेडफोनमधून वैतागून म्हणाला. चांगला पन्नाशीचा आवाज होता. "मी मत देऊ की नको?"

"नको, नको!" पोरगा घाईघाईने म्हणाला. "ताई राहू देत."

"राहीन," बोयंग म्हणाली, "पण मी सांगेन तसं खेळायचं. दैत्य हातोडा आपटल्यावर मान वळवतो, तेवढाच वेळ दरवाजा मोकळा असतो. मान वळेपर्यंत कुणी हलायचं नाही."

"आजपासूनच सवय कर, पोरा," खेकडा खो खो हसला. "उद्यापासून हुकूमच ऐकायचेत."

तिघे पुन्हा दरवाजासमोर उभे राहिले. 'एकटाच पुरे' दोन पावलं पुढे धावला, अडखळला, आणि चक्क मागे येऊन बोयंगच्या शेजारी उभा राहिला.

"जाऊ?"

"थांब."

हातोडा आपटला. सगळीकडे धूळ झाली.

"आता जाऊ, ताई?"

"थांब म्हटलं ना!"

दगडी मान करकरत वळायला लागली. बोयंगने श्वास रोखून धरला.

"पळ!"

ती एवढ्या जोरात ओरडली की अख्खा हॉल वळून बघायला लागला. ट्रे घेऊन येणारा माणूस जागीच थबकला. बोयंगचे गाल तापले. तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि माइक तोंडाच्या आणखी जवळ ओढला.

"पळ, पळ! मी आहे मागे!"