सेलवरची रवी

दुधाचा तिसरा शिंतोडा कॅलेंडरवर पडला, तेव्हा गौरम्मानं नवऱ्याच्या हातातली ताक घुसळायची रवी काढून घेतली.

"दुधाला फेस येईना, आन भिंतीला आलाय," ती म्हणाली.

गुंडप्पानं पातेल्यात डोकावून पाहिलं. दूध होतं तसंच होतं. उदगीरच्या मोंढ्यात चाळीस वर्षं धान्याची आडत चालवलेल्या माणसाला पावशेर दूध दाद देत नव्हतं. महिन्यापूर्वी लातूरला एका लग्नात त्यानं फेसाळ कॉफी प्यायली होती, मिशीला फेस लागणारी. तेव्हापासून घरच्या चहावरून त्याचं मन उडालं होतं.

संध्याकाळी तो जलीलच्या दुकानात गेला. जलील मिक्सर-कुकर विकायचा आणि गिऱ्हाइकाला कधी घाई करायचा नाही. त्यानं मोबाइलवर दोन चित्रं दाखवली. एक विजेचा जग, दूध तापवून आपोआप फेस काढणारा. दुसरी हातात धरायची दांडी, टोकाला स्प्रिंगचं कडं, पोटात दोन सेल.

"दोघा माणसाला दांडी बस झाली, सावकार. तो जग धुवायचा ताप लई. दूध उकळू द्यायचं न्हाई, दांडी वरच्यावर धरायची, बस. फकत तीन गोष्टी बघून घ्या. लवकर तापते का, आवाज किती करते, आन टिकते किती. चांगली असली तर दोन साल कुठं जात न्हाई. माझ्याकडं आत्ता न्हाई. नांदेडला मिळंल."

घरी गौरम्मानं जलीलनं मोबाइलवर पाठवलेलं चित्र निरखून पाहिलं. "ही तर रवीच हाय. सेल घातलेत, एवढंच." मग पदराला हात पुसत ती म्हणाली, "नांदेडला मंजी हाय की. तिला सांगा."

गुंडप्पानं मोबाइल उलटा करून ठेवला.

मंजुश्री ही त्यांची एकुलती एक लेक. नांदेडला कॉलेजात शिकवायची. दिवाळीत तिनं लातूरचं चांगलं स्थळ कारण न सांगता नाकारलं आणि गुंडप्पा तोंडाला येईल ते बोलून बसला. ती त्याच दिवशी बॅग भरून गेली. सहा महिने झाले, घराची पायरी चढली नव्हती. तिचा फोन यायचा तो अव्वाला, अप्पाला नाही. गुंडप्पाला तिची आठवण यायची, रोज यायची. कॉफी मिळाली काय आणि न मिळाली काय, लेक घरी यायला हवी होती. पण आधी फोन कोणी करायचा, तिथं गाडी अडली होती.

गौरम्मानं फोन लावूनच त्याच्या हातात दिला. "आन ते यंत्रबिंत्र म्हणू नका. सरळ रवी म्हणा."

"अप्पा?" पलीकडून आवाज आला.

"मंजे, रवी नांदेडात हाय म्हणं. तुझी अव्वा म्हणली."

फोन कट झाला की काय म्हणून त्यानं कानाचा काढून पाहिला.

"अव्वानं सांगितलं तुम्हाला?"

"हाव."

"आन तुम्हाला राग न्हाई आला?"

"राग कशाचा? उलट मलाच घाई झालीय."

पोरीचा आवाज कापत होता. इतक्या दिवसांनी बापाचा फोन, कापणारच. त्याचाही कापत होता. तो कळू नये म्हणून त्यानं जलीलचे प्रश्न काढले.

"लवकर तापत न्हाई ना?"

"न्हाई अप्पा. लई शांत."

"आवाज?"

"कधीच चढत न्हाई."

"आन टिकंल किती?"

"जन्मभर," मंजुश्री म्हणाली आणि चक्क रडायला लागली.

जलील तर दोनच वर्षं म्हणाला होता. लेकीनं माल आधीच पारखून ठेवलेला दिसतोय, असं वाटून गुंडप्पाची छाती फुगली.

"पण अप्पा, हे आपल्यातलं न्हाई. लोक काय म्हणतील?"

चहा पिणाऱ्यांच्या घरात कॉफी, एवढ्यासाठी पोरगी लोकांना भिते, याचं त्याला हसू आलं. "आपल्यातलं नसलं म्हणून काय झालं? चांगलं ते चांगलं. लोकं उलट बघायला येतील. तुला पसंत ते मला पसंत. रविवारी घेऊन ये."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ नुसता हसत बसला. गौरम्मानं पदर तोंडाला लावला होता.

रविवारी गुंडप्पा पहाटेच उठला. म्हशीचं दूध समोर उभं राहून काढून आणलं. बीदरहून मागवलेली कॉफी पुन्हा पुन्हा हुंगली. शेजारच्या शंकरप्पाला त्यानं अभिमानानं सांगून ठेवलं होतं, मंजू रवी घेऊन येती. शंकरप्पा इस्त्रीचा सदरा घालून दहालाच बैठकीत येऊन बसला. गुंडप्पानं चार कप मांडले. गौरम्मानं पाचवा ठेवला.

"असू द्या एक जास्तीचा," ती म्हणाली. आज तिनं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं.

दारात ऑटो थांबला, तेव्हा दूध नेमकं तापत आलं होतं. उकळू द्यायचं नव्हतं, म्हणून गुंडप्पा गॅसपासून हलला नाही. मंजुश्रीच धावत स्वयंपाकघरात आली आणि त्याच्या पायाशी वाकली. त्यानं तिला उठवून जवळ घेतलं. "वाळलीस गं," एवढंच त्याला बोलता आलं. दोघंही रडले, मग दोघंही हसले. सहा महिन्यांत इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं.

मग त्याचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. हात रिकामे होते.

"रवी कुठंय?" त्यानं विचारलं.

मंजुश्रीनं ओढणी सावरली आणि मान खाली घातली.

"बाहेर बूट काढायलेत."