बांधावरच्या चपला

"साहेब, ज्यांना गावच नाही, त्यांचं गाव नकाशात सापडतं का?"

बीडच्या नकाशांच्या कार्यालयात मी हे विचारलंच! माझ्या मैत्रिणीनं, मोहिनीनं, पैज लावलेली. तिच्या मते आम्हा मेंढपाळांचं गाव म्हणजे मेंढरांची पाठ.

साहेब हसले. त्यांनी आमच्या शिवाराचा निजामाच्या काळातला नकाशा पसरला. बद्रीनाथ मालकांच्या उसातल्या विहिरीवर बोट ठेवून उर्दू अक्षरं वाचली, "सटवा धनगर की बावली, म्हणजे विहीर. शेजारी त्याचं घरही दाखवलंय. कोण गं हा सटवा?"

माझे खापरपणजोबा!

संध्याकाळी हे ऐकून आई घाबरली. आबा म्हणाले, "कुणापाशी बोलू नको. उद्या त्याच विहिरीवर मेंढरं पाजायचीत. बांधावर चपला काढून मालकाला हात जोडावं लागतेत, तवा पाणी मिळतंय."

"उद्या मेंढरं मी नेणार," मी दोघांना सांगून टाकलं. "हात जोडणार न्हाई. चपला मात्र बांधावरच काढीन. आपल्या घरात चपला घालून कोण जातं?"