शेवटच्या सीटवरचं बटण

गुंडूने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि रोजच्यासारखं बसमध्ये पिं-पिं सुरू झालं. शाळेच्या बसला हे यंत्र असतंच. ड्रायव्हरने एकेक सीट बघत मागपर्यंत जायचं, शेवटच्या सीटवरचं लाल बटण दाबायचं, मगच ते गप्प बसतं. आत एखादं पोर झोपून राहिलं तर बहारीनच्या उन्हात त्याचं काय होईल, हे कुणी सांगायला नको. पाच मिनिटांत बटण दाबलं नाही, तर हॉर्नच बोंबलायला लागतो.

सहा वर्षं गुंडू रोज हा फेरा मारत होता. आजवर त्याला मागे पाण्याच्या बाटल्या सापडल्या, कंपास सापडले, एकदा डाव्या पायाचा एकच बूट सापडला. पोर कधी सापडलं नव्हतं. आज सापडलं, आणि तेही स्वतःचंच.

भक्ती शेवटच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन झोपली होती. घर मागे गुदैबियात राहिलं होतं आणि बस सखीरजवळच्या, बस उभ्या करायच्या आवारात येऊन थांबली होती. मुलांना उतरवून घेणारी जुबैदा रजेवर होती. घोळक्यात आपलीही उतरली असेल, असं बाप धरून चालला होता.

"भक्ती! गे भक्ती!"

तिने डोळे उघडले, पण जागी झाली नाही. स्वप्नातही ती याच सीटवर होती. बस सरळ रस्त्याने पाण्याकडे चालली होती. भर दुपारी डांबरावर दिसतं ना, ते पाणी. बस जवळ गेली की ते तेवढंच पुढे सरकायचं. कुणालाच घाई नव्हती. फार सुख वाटत होतं.

"बाबा, आपण पोचलो?"

"खंय पोचलंव! घर मागे रवला तुजा."

"तुम्ही मला आरशात बघितलं नाही?"

"आरशात बसलला पोर दिसता. निजलला दिसणा नाय."

तिच्या मांडीवरून एक कागद घसरला. गुंडूने तो उचलून सावकाश वाचला. बारावीला कोणतं गणित घेणार, असं शाळेने विचारलं होतं. दोन चौकटी होत्या. वरची नेहमीच्या गणिताची. त्यातच भक्ती अकरावीत नापास झाली होती. जादाच्या सहाव्या विषयाचे गुण गणिताच्या जागी धरले म्हणून निभावलं. खालची चौकट सोप्या गणिताची. तळाशी पालकांची सही. कागद उद्या द्यायचा होता.

"गणिताची नाझिश मिस म्हणते, खालचं घे, सेफ आहे," भक्ती म्हणाली. "बोर्डात परत फेल झाले तर अख्खं वर्ष जाणार."

"आणि तुका खंयचा होया?"

पिं-पिं चालूच होतं.

गुंडू तिच्या शेजारी बसला. "नापास झालंस कशी, ता तरी सांग. पेपर कठीण होतो?"

"नाही." ती खिडकीबाहेर बघू लागली. "पहिलाच प्रश्न लिमिटचा होता. म्हणजे एक गोष्ट दुसरीच्या जवळ जाते, अजून जवळ जाते, पण पोचतच नाही. मला तो इतका आवडला ना बाबा, मी तिथेच बसले. तीन पद्धतींनी सोडवला. मग बेल झाली."

"तीन तास? एका गणिताक?"

"हो."

"बरोबर इला?"

"तिन्ही वेळा."

हसावं की कपाळाला हात लावावा, गुंडूला कळेना. पोरगी वेंधळी आहे हे त्याला ठाऊक होतं. पण ज्या तीन तासांचा शाळेने भोपळा केला, त्या तीन तासांत ती सुखात होती, हे त्याला आजच कळलं. त्याला तिची एकदम माया आली. त्याने खिशातलं पेन काढलं, तळाशी सही केली आणि कागद तिच्यापुढे धरला.

"घे. खूण तुजी तू कर."

"रिकाम्या फॉर्मवर सही केलीत?"

"माका खंय गणित येता!"

भक्तीने पेन घेतलं. ते दोन्ही चौकटींच्या मधे थांबून राहिलं.

"परत तसंच झालं तर? परत एकाच प्रश्नात बसून राहिले तर?"

"येळेवर उतराक शिकूचा लागतला," गुंडू म्हणाला. "ता मी शिकवतंय. माजो धंदोच तो."

तेवढ्यात पाच मिनिटं भरली आणि हॉर्न सुरू झाला. सगळं आवार दणाणलं. पलीकडच्या बसखाली वाकलेला ताहिर ड्रायव्हर दचकून उभा राहिला आणि ओरडला, "अरे गुंडूभाई, बटन दबाओ ना! यल्ला, खलास करो!"

बटण गुंडूच्या डोक्यावर हातभर अंतरावर होतं. त्याने हाताची घडी घातली आणि सीटला पाठ टेकली.

"बाबा, दाबा ना! सगळे बघताहेत!"

"वाजांदे," तो म्हणाला. "पोर अजून उतराक नाय."

भक्तीने त्याच्याकडे बघितलं. मग कागद गुडघ्यावर घेतला आणि त्या गोंगाटात, जराही घाई न करता, वरच्या चौकटीत खूण केली. पेनाला टोपण लावलं. सीटवर उभी राहिली आणि लाल बटण तिनेच दाबलं.