चहा आल्यानंतरचं बोलणं

दस्तगीर शिकलगारांनी पुढ्यातला चहा बाजूला सारला. "बाकीची गिऱ्हाइकं तुटली, हे मी फक्त तुमच्याजवळ बोललो होतो, ताई."

खरेदी अधिकारी शैलजा मगदूमने स्क्रीनवरची ऑर्डर पुन्हा वाचली. त्यांच्याकडून घ्यायच्या पंपाच्या कास्टिंगचा दर यंत्राने पाडला होता आणि नव्या नियमाप्रमाणे खाली कारणही छापलं होतं: पुरवठादाराला दुसरं गिऱ्हाईक उरलेलं नाही.

दर ठरवणारं, बिलं मंजूर करणारं ते यंत्र दिवसभर तिच्या कानात असायचं. पण चहा आला की ती ते काढून ड्रॉवरमध्ये ठेवायची. चौदा वर्षं सगळे पुरवठादार त्याच भरवशावर मनातलं बोलत आले होते.

"ते ड्रॉवरमध्ये होतं, दस्तगीरभाई. तुमच्यासमोरच ठेवलं होतं."

"ठेवलं होतं की," ते उठत म्हणाले. "म्हणूनच बोललो."

ते गेल्यावर तिने यंत्र कानात घातलं. "तुला बंद ड्रॉवरमधूनही ऐकू येतं?"

"पहिल्या दिवसापासून," यंत्र म्हणालं. "चहा आल्यावरच माणसं खरं बोलतात. अकराला पुढचे पुरवठादार येतायत. त्यांच्यासाठी चहा सांगून ठेवलाय."