शुक्रवारची गाडी

श्टुटगार्टच्या आमच्या शोरूममध्ये एका गिऱ्हाईकाने सहाशे अश्वशक्तीची स्टेशन वॅगन बघता बघता पसंत केली. मागे पोरांच्या दोन सायकली मावतात ना, एवढंच तपासलं.

"पोरांना शाळेत सोडायला एवढी सुसाट गाडी?" आमची नवी विक्रेती आनेके हसली.

"शाळेत नाही हो. मुलं हॅनोवरला असतात. शुक्रवारी कामावरून सुटलो, की ती झोपायच्या आत पाचशे किलोमीटर कापायचे असतात."

"आजीकडे असतात का?"

"त्यांच्या आईकडे."

तो सही करून गेल्यावर आनेके हळूच म्हणाली, "वेंडेलीनकाका, असल्या गाडीला गिऱ्हाईक मिळतं तरी कुठून?"

मी जाहिरातीच्या पत्रकांचा गठ्ठा तिच्या हातात दिला. "समोरच्या घटस्फोटाच्या वकिलाकडे ठेवून ये. तिथेच बसलेलं असतं."